टर्लकची भिंत, यूननचं तोंड

ऑग्लिश स्ट्रीट, बेलफास्ट
७ फेब्रुवारी १९९९

प्रिय यूनन,

तुझं नाताळचं पत्र पोचलं. ग्लेनिसने पाठवलेला टेबलक्लॉथही पोचला. त्यावर कांगारू आहेत. आईने विचारलं, हे गाढव दोन पायांवर का उभं आहे. मी म्हटलं, तिकडे अशीच असतात. तिला पटलं.

तू उन्हाळ्यात येतो म्हणतोस. इतक्या वर्षांनी येतो म्हणालास, मला आनंदच झाला असता, पण यंदा नको. मागच्या खोलीत ओल आहे. जुलैत इथे मिरवणुका, ढोल, अडवलेले रस्ते, सगळं तुझ्या वेळचंच आहे. गेल्या वर्षी शांततेचा समझोता झाला म्हणून ढोल काही हळू वाजत नाहीत. शिवाय तिकीट महाग. पुढच्या वर्षी बघू.

आपल्या घराच्या कडेची भिंत आहे तशीच आहे. म्हणजे वर मोठ्या अक्षरांत टर्लकचं नाव, खाली तुझं तोंड. रंग उडतोय, पण नाक अजून शाबूत आहे. आता काळ्या टॅक्सीतून पर्यटक येतात. काल एका अमेरिकन बाईने मला अडवून विचारलं, हा तुमचा कोण? म्हटलं, भाऊ. खोटं बोलले नाही. कोणता भाऊ, ते तिने विचारलंच नाही. चित्र काढणारा आपला फेलिम अजून मला बघितलं की मान खाली घालतो. म्हणतो, सैनिकांच्या झडतीत फोटोंचा डबा गेला नसता, टर्लकचा एक धड फोटो घरात उरला असता, तर तुझ्या धाकट्याला परसात पिंपावर उभं करून कशाला काढलं असतं? मी म्हणते, एका वर्षाचं अंतर, जबडा तोच, मेलेला काही तक्रार करत नाही.

आई ठीक आहे. जरा विसरते. तुझी पत्रं मी वाचून दाखवते. फक्त एक कर. खाली सही करताना नाव लिहू नकोस, नुसतं ‘तुझा मुलगा’ लिही. आणि लहानपणच्या गोष्टी लिहू नकोस. हवा, काम, घर, एवढं पुरे.

फोन करू नकोस. फोन जिन्याखाली आहे आणि आई तिथेच बसते.

तुझी,
डिंप्ना


पर्थ
२८ फेब्रुवारी १९९९

प्रिय डिंप्ना,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा ग्लेनिसलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुझ्या बहिणीला तू नको आहेस. मी म्हटलं, तुला डिंप्ना माहीत नाही; तिला मी नको असतो तर तिने तसंच लिहिलं असतं.

मग नक्की काय ते सांग. मागची खोली मी जन्मलो तेव्हापासून ओली आहे. नाव लिहू नको म्हणजे काय? कुणी पत्रं उघडून वाचतंय का? की भिंती रंगवून घेणाऱ्या आमच्या जार्लथभाऊंच्या समितीला मी तिकडे आलेला नकोय? टर्लक गेल्यावर दीड वर्षात मी निघून आलो, हे कुणीकुणी मनात ठेवलं असेल ते मला कळतं. ठेवू देत. किंवा असं असेल, की भिंतीवर तेविसाव्या वर्षीचा मी छाती काढून उभा, आणि त्याच रस्त्याने चाळिशीचा मी टक्कल आणि पोट घेऊन हातात दुधाची बाटली धरून चाललोय, हे पर्यटकांना बरं दिसणार नाही. तसं असेल तर मी टोपी घालीन.

आता चांगली बातमी. ईस्टरच्या आधीच सांगतो. जानेवारीत मेलबर्नला आपली चुलत बहीण ऊना भेटली. तिच्या लग्नाचा अल्बम बघताना मी खुर्चीतून उठलो. टर्लक! समोरून, स्वच्छ, हसताना. खिशाला पांढरं फूल, बारीक डोळे, ते दोन पुढचे दात. डिंप्ना, मी त्याचा चेहरा विसरलो होतो. आरशात बघून आठवायचो, तर मीच दिसायचो.

ऊनाने कॉपी करून दिली. मी ती काल जार्लथच्या पत्त्यावर समितीला पाठवली. सोबत लिहिलं, आता फोटो आहे, माझ्या भावाला त्याच्या भिंतीवर त्याचं तोंड द्या. इतकी वर्षं मी त्याची जागा अडवून बसलोय.

आईला सांगू नकोस. तिला एकदम दिसू दे.

तुझा,
यूनन (नाव मुद्दाम लिहिलंय)


बेलफास्ट
२१ मार्च १९९९

यूनन,

तुला खरं सांगायला हवं होतं. पत्रात खोटं नीट लिहिता येतं म्हणून लिहीत राहिले.

गेल्या ऑक्टोबरात एका सकाळी आई कोट घेऊन बाहेर गेली. स्वतःचा नाही, तुझा, तो तपकिरी, कोपर फाटलेला. मी खाली आले तर दार उघडं. बघते तर ही भिंतीसमोर उभी, कोट वर धरलेला, आणि म्हणतेय, “यूनन, पोरा, खाली ये. गारठशील.” समोरच्या मिसेस शार्कीने पडद्यामागून बघितलं. आता अख्ख्या गल्लीत झालंय की आईचं, ब्रीजचं, डोकं गेलं, तिला मुलांची नावंही आठवत नाहीत. यूनन, गल्लीत बरोबर नाव घेणारी ती एकटीच होती.

मी तिला आत आणलं. म्हटलं, आई, यूनन ऑस्ट्रेलियात आहे. गेला तो टर्लक.

ती जिन्यावर बसली. म्हणाली, “टर्लक? कधी?”

मग मला सांगावं लागलं. कुठे गोळी लागली, कोण आलं सांगायला, सगळं. तिने ते एक्याऐंशी साली घेतलं होतं तसंच घेतलं, अगदी तसंच. फरक इतकाच की तेव्हा घरात माणूस मावत नव्हतं, आणि आता मी होते आणि किटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा कोट शोधायला लागली. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी टर्लकला ऑस्ट्रेलियाला पाठवलं.

तेव्हापासून घरात शांतता आहे. भिंतीवर आहेस तो तू, म्हणजे तू गेलास. पर्थहून पत्रं येतात ती टर्लकची. तुझ्यासाठी ती रडत नाही असं समजू नकोस. पण तुझं दुःख जुनं आहे, अंगवळणी पडलेलं आहे. तू रोज नव्याने मरत नाहीस. आणि टर्लकचं पत्र आलं की ती दिवसभर बरी असते. “बघ,” म्हणते, “त्या पोराकडून मी कसलीच आशा ठेवली नव्हती, आणि लिहितो कसा नेमाने.”

आता तू सांग, तू दारात उभा राहिलास तर मी काय करू? भूत आलं सांगू, की टर्लक आला सांगू?

आणि तो फोटो परत मागव. ताबडतोब. भिंतीवर टर्लकचं तोंड आलं की तिचा टर्लक पुन्हा मरेल.

डिंप्ना


पर्थ
६ एप्रिल १९९९

डिंप्ना,

मी जार्लथला फोन केला. फोनवर तो भाषणच देत होता. म्हणाला, ऐतिहासिक दस्तऐवज आहे, समितीने एकमताने ठराव केलाय. मी म्हटलं, ठराव मागे घ्या. त्याने विचारलं, का? मी खरं कसं सांगणार? म्हटलं, कौटुंबिक कारण. तो म्हणाला, “यूनन, तो आता फक्त तुमच्या कुटुंबाचा नाही.” मी फोन ठेवला. तू तिथे आहेस, बघ काही जमतंय का.

मी मेलोय हे ग्लेनिसला सांगितलं. तिने खिडकीतून अंगणाकडे बघितलं. मग म्हणाली, तरीपण रविवारी गवत तूच कापायचंस.

इथे माझं काम तुला माहीत आहे, लोकांच्या पोहण्याच्या तलावांचे पाइप साफ करतो. गेला आठवडा पाण्यात हात घालून एकच विचार करत होतो. सांगायला लाज वाटते, पण विचारतो. ती माझ्याबद्दल काय म्हणते? म्हणजे मी गेल्यावर? चांगलं म्हणत असेल तर लिही. एरवी हे कुणाला ऐकायला मिळत नाही.

पुढची पत्रं मी टर्लकच्या नावाने लिहीन. त्याचं अक्षर वाईट होतं, ते मला जमेल. काय लिहू ते कळव. तो इकडे काय करतो? लग्न झालंय का त्याचं?

तुझा,
(कोण ते तू ठरव)


बेलफास्ट
९ मे १९९९

प्रिय यूनन,

उशीर झाला. उत्तर देण्यासारखं काही घडेल म्हणून थांबले होते. आता काही उरलं नाही.

तुझा फोटो आल्यावर समिती माझ्या स्वयंपाकघरात बसली. जार्लथ, फेलिम आणि दोन मुलं जी एक्याऐंशी साली जन्मलीही नव्हती आणि मला एक्याऐंशी साल समजावून सांगत होती. पहिला प्रश्न, हसणं चालेल का? एका मुलाचं म्हणणं, हुतात्मा हसत नाही. फेलिम म्हणाला, हा हसायचा, मी याच्याबरोबर शाळेत होतो. तासाभराने हसणं मंजूर झालं. मग दात. दात मंजूर झाले. मग हातांचा प्रश्न आला. चित्रातली रायफल पुसून टाकायची असं वरून आलंय, समझोत्यानंतर सगळीकडे पुसतायत. म्हणजे दोन्ही हात मोकळे. जार्लथ म्हणाला, कबुतर देऊ. मी म्हटलं, टर्लकला पक्ष्यांची भीती वाटायची, एकदा कोंबडी अंगावर आली तर तो टेबलावर चढला होता. जार्लथने ते लिहून घेतलं नाही. शेवटी फेलिमने सांगून टाकलं की त्याला हात काढता येत नाहीत, कधीच येत नव्हते. म्हणून हात खिशात.

मी म्हटलं, अजिबात रंगवू नका. जार्लथ म्हणाला, “डिंप्ना, भिंत जनतेची आहे.” मी म्हटलं, “मग जनतेने आतून येऊन बुरशी पुसावी.” तो हसला. कारण मात्र मी सांगितलं नाही. आईचं डोकं समितीच्या ठरावात यायला नको होतं.

त्या आठवड्यात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आम्ही दोघी हॉस्पिटलात होतो. तेवढ्यात फेलिमने परांची बांधून काम उरकलं. मला वाटतं तो मला तोंड दाखवायला घाबरला.

पट्टी सुटली, टॅक्सी केली. तिला सगळं नवं दिसत होतं. डोंगरावरच्या मेंढ्या मोजत होती. टॅक्सी आपल्या कोपऱ्यावर वळली आणि ती म्हणाली, “थांबव.”

ती उतरली. मी दार धरून उभी राहिले. काम चांगलं झालंय, यूनन, ते कबूल करायला हवं. फेलिमने जीव ओतलाय. लग्नातला सूट, फूल, बारीक डोळे. रस्त्याने कुणीतरी ओळखीचं येतंय असं वाटतं.

“हा टर्लक,” ती म्हणाली.

मी टॅक्सीचं दार लावलं.

“हे कधी काढलं?”

“परवा, आई.”

“म्हणजे परवा गेला?”

टॅक्सीवाला माझ्याकडे बघत होता. मी हो म्हटलं की नाही म्हटलं, मला आठवत नाही. घरी येऊन तिने कपाटातून काळे कपडे काढले आणि इस्त्री केली. आता तिचे दोघेही गेलेत. कांगारूंचा टेबलक्लॉथ तिने घडी करून ठेवला. तुझं शेवटचं पत्र मी वाचायला घेतलं तर म्हणाली, “राहू दे. त्याने लिहिलं तेव्हा तो जिवंत होता.” आणि या वेळी ती दुसऱ्या दिवशी विसरली नाही. रोज सकाळी खिडकी उघडते, आणि भिंत दिसत नसली तरी तिला माहीत असतं.

तू विचारलंस, तुझ्याबद्दल काय म्हणते. म्हणते, टर्लकची वाट बघावी लागायची, यूननची कधी बघावी लागली नाही. दिवे लागले की तो घरातच असायचा.

ये, यूनन. आता बिघडायचं काही राहिलेलं नाही. आणि मी दमलेय. तू आलास तर मी पंधरा दिवस बंडोरनला जाईन. समुद्र बघायचा नाहीये मला. मला फक्त एक असं दार हवंय, जे मी झोपले असताना कुणी उघडणार नाही.

डिंप्ना


ऑग्लिश स्ट्रीट, बेलफास्ट
१६ जून १९९९

प्रिय डिंप्ना,

बस वेळेवर पोचली असेल. स्टेशनवर आपण पाच मिनिटं बोललो आणि त्यात तू मला बॉयलरबद्दलच सांगितलंस. बॉयलर ठीक आहे.

आता आईचं. तू मिसेस शार्कीला तिच्याजवळ बसवून गेली होतीस. मी टॅक्सीतून कोपऱ्यावर उतरलो आणि घरात जायचं सोडून भिंतीसमोर उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. डिंप्ना, तो तसाच आहे. मी म्हातारा व्हायला लागलो आणि तो खिशात हात घालून हसतोय, जसा मला काहीतरी लागेलसं बोलून मग बघत राहायचा. इतकी वर्षं मी इथे येत नव्हतो कारण माझ्याच घरावर माझंच मेलेलं तोंड होतं. आता ते पुसलं होतं आणि मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मग आत गेलो. मिसेस शार्कीने मला बघितलं, छातीवर क्रॉसची खूण केली आणि मागच्या दाराने गेली. आई बटाटे सोलत होती. तिने वर बघितलं. मी बॅग खाली ठेवली. मी टर्लक नव्हतो आणि यूननही नव्हतो.

ती म्हणाली, “एवढा वेळ?”

ते कुणाला बोलायची ते तुझ्या लक्षात आलं असेल. मला यायला क्षणभर लागला. हॉलमधल्या भिंतीवरचा बाबांचा फोटो कधी माझ्याशेजारी धरून बघ. टक्कल, पोट, सगळं. ते गेले तेव्हा माझ्यापेक्षा फार मोठे नव्हते.

“गाडी परत करायला गेलो होतो,” मी म्हटलं. माझ्या तोंडून निघून गेलं. बाबांच्या पावाच्या गाडीचा वास एकदम नाकात आला होता.

“बस, पॅकी,” ती म्हणाली, बाबांना म्हणायची तसं. “तुला कुणी सांगितलं नसेल. पोरं गेली. दोघंही.”

मी बसलो. ती चाकू खाली न ठेवता बोलत राहिली. मग सोलायचं काही उरलं नाही, तरी बोलत राहिली. टर्लक गेला त्याच्या आदल्या रात्री तिचं आणि त्याचं भांडण झालं होतं हे तुला माहीत होतं? मोज्यांवरून. ती म्हणाली, शेवटचं त्याला मी मोज्यांवरून बोलले. बाबा असते तर तिने तेव्हाच सांगितलं असतं. बाबा नव्हते म्हणून तिने कुणालाच सांगितलं नाही. त्यानंतर आपण तिघं या घरात दीड वर्षं एकत्र जेवलो आणि आपल्याला वाटायचं ती खंबीर आहे.

शेवटी तिने विचारलं, “तू काहीच बोलत नाहीस?”

मी म्हटलं, “ऐकतोय, ब्रीज.”

“ते तू नेहमीच म्हणायचास,” ती म्हणाली, आणि स्टोव्ह पेटवला.

तू सांग, मी काय करू? खरं सांगू का?

यूनन


समुद्रकिनारा गेस्टहाउस, बंडोरन
१९ जून १९९९

प्रिय यूनन,

खरं सांगू नकोस. मी सांगून बघितलंय.

पण करायचं तर नीट कर. बाबा चहात तीन चमचे साखर घ्यायचे. कप कधीच धुवायचे नाहीत. तू धुतलास तर तिला संशय येईल. रविवारी चर्चला जाताना ते फाटकाशी थांबायचे आणि ती मागून कुरकुरत यायची. पेपर वाचताना मोठ्याने श्वास सोडायचे. कुठल्याही समितीबद्दल काही चांगलं बोलायचे नाहीत. हे शेवटचं तुला जमेल.

मोज्यांचं मला माहीत नव्हतं. पत्र वाचून मी खाली जेवायला गेले नाही. गेस्टहाउसच्या बाईने मासा वर आणून दिला आणि विचारलं, घरून वाईट बातमी का? मी म्हटलं, नाही, घरी सगळे आहेत.

एक गोष्ट लिहिते आणि मग विसरून जा. इतकी वर्षं मी तिच्या शेजारी होते. तिने मला एकदाही काही सांगितलं नाही. तुला पहिल्याच दिवशी, बटाटे सोलता सोलता. मला राग आलाय. समुद्र खूप मोठा आहे, राग जाईल असं वाटतंय.

झोप छान लागते.

डिंप्ना


ऑग्लिश स्ट्रीट, बेलफास्ट
२६ जून १९९९

प्रिय डिंप्ना,

तुला सांगितलं नाही कारण तू तेव्हा लेक होतीस. लेकीला कोण सांगतं? मला तरी कुठे सांगितलं? नवऱ्याला सांगितलं.

काल ती म्हणाली, “पॅकी, चल, तुला दाखवते. तू बघितलंच नाहीस.” काळा कोट घातला, माझ्या हाताला धरून बाहेर आली. आम्ही भिंतीसमोर उभे राहिलो. नेमकी तेव्हा टॅक्सी आली. पाच पर्यटक आणि आपला नवा गाइड. त्याने सुरुवात केली, अमुक साली या तरुणाने वगैरे. आई मध्येच म्हणाली, “मोठ्याने बोल, यांना कमी ऐकू येतं.” म्हणजे मला. गाइड मोठ्याने बोलायला लागला.

मग एका उंच माणसाने, जर्मन असावा, मला हळू आवाजात विचारलं, “तुम्ही ओळखत होता का यांना?”

आई माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, “मुलगा माझा. थोरला.”

डिंप्ना, मी नाटक करत होतो हे मला माहीत होतं, पण ते शब्द मी नाटकातले म्हणून बोललो नाही. त्या माणसाने टोपी काढली. मग बाकीच्यांनीही काढल्या. गाइडला माझं वय आणि चित्रातलं वय जुळेना, पण तो गप्प बसला, शहाणा मुलगा आहे. आईने माझा हात घट्ट दाबला. मग त्या जर्मनाला म्हणाली, “दोन गेले. धाकट्याला यांनी रंगवलंच नाही. यूनन त्याचं नाव. तो काही मोठा नव्हता, पण आमचा होता.” आणि जार्लथच्या घराकडे बोट दाखवून, “त्यांना सांगा. मी सांगून दमले.”

घरी आल्यावर ती बराच वेळ तेच बोलत होती. धाकट्याला एक वीतभरही भिंत नाही. मला ते सहन होईना. मी म्हटलं, “ब्रीज, यूनन गेलेला नाही.”

ती म्हणाली, “डिंप्नाही असंच म्हणाली होती. मग म्हणाली टर्लक तिकडे आहे. ती काहीही बोलते, बिचारी. तिला झोप नाही.”

मी म्हटलं, “मी काहीही बोलतो का?”

तिने बराच विचार केला. “नाही,” म्हणाली. “पॅकी, तू कंटाळवाणा आहेस, पण खोटं बोलत नाहीस.”

“यूनन ऑस्ट्रेलियात आहे. पाइपचं काम करतो. बायको आहे, ग्लेनिस. घर आहे.”

“तुला कुणी सांगितलं?”

“मी बघून आलो.”

इथे तर मी खरंच खोटं बोललो नाही.

तिने तोंडावर हात धरला. मग घडी घातलेला तो टेबलक्लॉथ कपाटातून काढला आणि पसरला, आणि म्हणाली, “कागद आण. मी सांगते, तू लिही. माझ्याने आता ओळ सरळ राहत नाही.” मी लिहिलं. तिने माझ्याकडून ते मोठ्याने वाचून घेतलं. पाकिटावर पर्थचा पत्ता मी न बघता लिहिला, तर ती म्हणाली, “पाठ आहे तुला?” आज सकाळी आम्ही दोघं पोस्टात गेलो. मी पुढच्या शनिवारी निघतो. पत्राच्या आधी मीच तिकडे पोचेन. तिचं पत्र तुझ्यासाठी खाली उतरवून देतोय. उद्या तिला आठवेल की नाही माहीत नाही. म्हणून आजच पोस्टात टाकलं.

तू शनिवारपर्यंत तिथेच राहा. ग्लेनिसशी बोललोय.

यूनन


ऑग्लिश स्ट्रीट, बेलफास्ट
शुक्रवार

यूनन,

तुझे बाबा सांगतात तू जिवंत आहेस आणि नीट आहेस. मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही. तुझा काही दोष नाही, लिहिलं असशील, टपाल इथे कधीच धड नव्हतं.

टर्लक गेला. तुला कळलं असेल. भिंतीवर फार छान काढलाय, हसतो. लोक दुरून बघायला येतात, टोप्या काढतात. मला त्याच्याशी मोज्यांवरून बोलायला नको होतं. तुझे बाबा म्हणाले की त्याला त्याचं काही वाटलं नसेल, तो कधीच ऐकायचा नाही. ते खरं आहे.

तुझी बायको स्वयंपाक करते का? डिंप्ना दमलीय, तिला लिहीत जा.

तू घरी ये असं मी म्हणणार नाही. मला तुला बघायचंय, पण नको येऊस. इथे चांगली पोरं भिंतीवर जातात. तू तिकडेच राहा, जाड हो, म्हातारा हो. तुझ्या बाबांसारखा दिसायला लागलास तरी चालेल.

तुझी आई,
ब्रीज

अक्षर बाबांचं आहे. रडत लिहितायत, म्हणून शाई पसरलीय. मी त्यांना काही म्हटलं नाही.